बाक वाजवण्याची रीत

जुलैतल्या सोमवारी आमच्या वर्गाच्या दाराला कुलूप होते. दारावर कागद चिकटवला होता. जर्मन विषयाचा एम.ए.चा वर्ग या सत्रापासून बंद करण्यात आला आहे, असे त्यावर टाइप केले होते. आम्ही विद्यार्थी तिघे. तिघांनी तो वाचला. बाई आल्या, त्यांनीही वाचला. मग त्यांनी पर्समधून वर्गाची किल्ली काढली आणि कुलपात घालून पाहिली. किल्ली फिरली नाही. कुलूप बदलले होते.

बाई त्या दिवशी काही बोलल्या नाहीत आणि नंतरही फारशा बोलल्या नाहीत. आता त्या गेल्या. त्यांच्या शोकसभेत जे बोलले गेले ते ऐकून मी घरी आले आणि लिहायला बसले. मी हळू लिहिते. एक वाक्य लिहिते, वाचते, खोडते, पुन्हा लिहिते. ही सवय बाईंनी लावली. राग आला असेल तर आणखी हळू लिहावे, असे त्या म्हणत. मला राग आलेला आहे.

जर्मनकडे मी कशी वळले हे लोक मला नेहमी विचारतात. त्याचे उत्तर माझ्या शाळेत आहे. आठवीत मी संस्कृत घेतले होते. पहिल्याच आठवड्यात शिक्षकांनी मला उभे करून श्लोक म्हणायला लावला, अर्ध्यावर थांबवले आणि वर्गाकडे पाहत म्हणाले, "राहू दे, राहू दे. जिभेला वळण घरातच लागावं लागतं." वर्ग हसला. छप्पन साली आईच्या कडेवर बसून मी दीक्षेच्या मैदानावर होते, असे घरचे सांगतात. जिभेच्या असल्या वळणांचा प्रश्न त्या दिवशी मिटला, असे त्यांना वाटले होते. मी संस्कृत सोडले.

बी.ए.ला आमच्या कॉलेजात जर्मन घेता येत असे. पहिल्या दिवशी बाईंनी फळ्यावर एक शब्द लिहिला आणि प्रत्येकाला उभे राहून म्हणायला सांगितले. त्यात एक आवाज होता, घशाच्या तळातून खरवडून काढायचा. नागपुरातल्या महाल या जुन्या वस्तीतला एक मुलगा होता, त्याच्या घरात तीन पिढ्यांचे संस्कृत. तो अडखळला. खाप्याहून रोज एस.टी.ने येणारा एक मुलगा होता, त्याचे घर विणकरांचे. तो म्हणाला, "बाप्पा! हे त घशात काटा अडकल्यावानी होऊन राहिलं, मॅडम." सगळे हसले, बाईही हसल्या. माझी पाळी आली. मीही अडखळले, अगदी महालातल्याइतकीच. त्या दिवशी मी घरी जवळजवळ पळत गेले. या भाषेला घरून वळण लागून आलेला वर्गात कोणीच नव्हता.

आमच्या वस्तीत मात्र याची चर्चा झाली. बाबा गिरणीत कामाला होते. त्यांच्या पाळीतले लोक विचारत, "पोरीले जर्मन काहून शिकवून राहिले गा? नर्सिंगले टाका, बी.एड.ले टाका. जर्मन शिकून का थे जर्मनीत भाजी विकनार हाय?"

बाबा भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवत. "त्यायले येत होती हे भाषा. त्यायले कोनी इचारलं होतं का, काहून?"



सगळे कॉलेज बाईंना मॅडम म्हणे. एम.ए.ला महालातला, खाप्याचा आणि मी असे तिघेच उरलो, तेव्हा त्यांनी आम्हांला सांगितले, "मॅडम हा शब्द तुमचाही नाही आणि माझाही नाही. बाई म्हणा." त्या पन्नाशीच्या होत्या. युद्धानंतर काही वर्षांनी शिष्यवृत्तीवर जर्मनीत गेल्या होत्या आणि तिथे राहता येत असूनही परत आल्या होत्या. डिसेंबरात सुती साडीवर तिकडून आणलेला जाड तपकिरी कोट घालत. पोट्टे त्याला अस्वल म्हणत. त्यांना ते माहीत होते. एकदा थंडी कमी झाली तेव्हा कोट न घालता आल्या आणि म्हणाल्या, "आज अस्वलाला सुटी दिली आहे."

त्यांची शिकवण्याची पद्धत सांगितली पाहिजे, कारण पुढे तिच्यावरही बोट ठेवले गेले. त्या तासाला एकच पान घेत. एकाने मोठ्याने वाचायचे, बाकीच्यांनी पुस्तक मिटून ऐकायचे. जर्मन लांब वाक्यात क्रियापद बरेचदा अगदी शेवटी येते. तोपर्यंत कोणी काय केले, केले की नाही केले, काहीच ठरत नाही. इंग्रजी वळणाने शिकलेली मुले मध्येच अर्थ लावायला धावत. बाई हात वर करून थांबवत. "वाक्य संपू द्या. आपल्या मराठीतही शेवटीच कळतं ना, मारला की वाचवला? मग घाई कशाची?" युद्धानंतरच्या छोट्या छोट्या कथा आम्ही अशा वाचल्या. त्या कथांत घरे नसत, नुसत्या भिंती असत. माणसे फार थोडे बोलत. एक कथा संपायला महिना लागे आणि संपल्यावर वाटे, की आपण त्या भिंतींच्या आडोशाला राहून आलो.

वाजवण्याची रीत बाईंनीच सांगितली. तिकडच्या विद्यापीठांत व्याख्यान संपले की विद्यार्थी टाळ्या वाजवत नाहीत. बोटे मुडपून पेरांनी समोरच्या बाकावर ठोकतात, आपण दारावर टकटक करतो तसे.

"मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पळाले होते," बाई म्हणाल्या. "पांढऱ्या केसांचे प्राध्यापक, इतकं सुंदर बोलले, आणि शेवटी सगळा हॉल बाकं बडवायला लागला. मला वाटलं, झालं, आता मारतात बिचाऱ्यांना. आपल्याकडे बाकं कधी बडवतात? मी पिशवी उचलली आणि दाराकडे निघाले. मग शेजारणीला विचारलं, हे काय चाललंय? ती म्हणाली, त्यांना आवडलं म्हणून सांगताहेत."

खाप्याचा लगेच बाक ठोकायला लागला.

"आज नाही," बाई म्हणाल्या. "आज मी चांगलं शिकवलं नाही. तास खरंच चांगला झाला तरच. रोज वाजवलंत तर त्याला काय अर्थ?"

त्या वर्षात आम्ही फार थोड्या वेळा वाजवले, तेही हलक्या हाताने. कधी आम्ही सुरू केले की त्या मान हलवत, "आज नाही," आणि आम्ही थांबत असू. कधी त्या काहीच म्हणत नसत. फक्त पुस्तक मिटवून खाली बघत. तो दिवस मग आम्हां तिघांना पुरत असे.

पहिल्या वर्षाचा शेवटचा तास एप्रिलमध्ये होता. ते आणीबाणीचे वर्ष होते. शिस्त हा शब्द शहरातल्या भिंतींवर रंगवलेला होता, आमच्या कॉलेजच्या भिंतीवरही. बाईंनी त्या तासाला सर्टिफिकेट कोर्सच्या मुलांनाही बोलावले होते. ही विज्ञानाची मुले. रसायनशास्त्राचे जर्मन लेख वाचता यावेत एवढ्यासाठी ती भाषा शिकत. त्यांनी एकदा तरी या भाषेतली गोष्ट ऐकावी, अशी बाईंची इच्छा होती. खोली भरली. बाईंनी त्या दिवशी स्वतः वाचले. कथेचा शेवट होता: एक बाई पडलेल्या घराच्या जागी येते, उंबरा शोधून काढते आणि तो झाडते. एवढेच. बाई एक वाक्य जर्मनमध्ये वाचत, मग मराठीत सांगत. छतावरचा पंखा करकरत होता, पण पोरांचा आवाज नव्हता. रसायनवाल्यांपैकी एकाने डोळे पुसलेले मी पाहिले.

वाचन संपले. आम्ही तिघांनी वाजवायला सुरुवात केली. बाई "आज नाही" म्हणाल्या नाहीत. त्या मुलांना रीत माहीत होती, बाईंनी ती त्यांनाही सांगितली होती. तीही वाजवू लागली. जुनी सागवानी बाके, त्यांवर एवढ्या मुठी. आवाज घुमला. खाप्याचा तर दोन्ही हातांनी वाजवत होता. बाई टेबलामागे उभ्या होत्या, मान खाली, पुस्तक छातीशी, आणि त्यांचे डोळे भरले होते.

शेजारच्या खोलीत उपप्राचार्य कॉमर्सचा तास घेत होते. मधली भिंत प्लायवूडची. ते दारात येऊन उभे राहिले. त्यांनी काय पाहिले ते मी पुष्कळदा त्यांच्या जागी उभी राहून पाहिले आहे: वर्गभर मुले बाके बडवत आहेत आणि समोर एक बाई मान खाली घालून रडत आहे. क्षणभर असे वाटणे मी समजू शकते. बाईंनाही तिकडे क्षणभर तसेच वाटले होते. पण बाईंनी विचारले होते.

उपप्राचार्य ओरडले, "बंद करा! काय तमाशा लावलाय हा? लाजा वाटत नाहीत?"

आवाज थांबला.

"नाही हो सर," बाई म्हणाल्या, "थांबा, हे तर..."

"मॅडम, तुम्ही बाहेर या. या तुम्ही. मी बघतो यांच्याकडे."

आणि ते बाईंना, दंडाला धरल्यासारखा हात पुढे करून, त्यांच्याच वर्गातून बाहेर घेऊन गेले. वाक्य पुरे झालेच नाही.

मे महिन्यात चौकशी समिती बसली. तिघे सभासद होते आणि त्यांत उपप्राचार्य स्वतः होते. तक्रार करणारा आणि तिचा निवाडा करणारा एकच माणूस. यात काही चुकीचे आहे असे कोणाला वाटले नाही, किंवा वाटले असेल तर त्या वर्षी कोणी बोलत नव्हते. कूलर लावलेल्या खोलीत आम्हाला एकेक करून बोलावले.

मी सगळे सांगितले. रीत सांगितली, बाई तिकडे पळाल्या होत्या ते सांगितले, "आज नाही" सांगितले. मी लहानपणापासून मितभाषी. इतके एका दमात त्याआधी कधी बोलले नव्हते. समितीतले एक गृहस्थ चष्मा पुसत ऐकत होते. ते म्हणाले, "बाकं बडवणं म्हणजे सन्मान. बरं. मग अपमान करायचा असला की तुम्ही हार घालता का?"

दुसरे हसले. उपप्राचार्य हसले नाहीत. ते म्हणाले, "तुम्हाला शिष्यवृत्ती मिळते ना? सरकार एवढं करतं तुमच्या लोकांसाठी. आणि तुम्ही लोक तिथे जाऊन बाकं बडवता. मोर्चाची सवय वर्गात आणू नये."

मी काय उत्तर दिले? मी म्हटले, "सर, मोर्चात बाकं नसतात." ते उत्तर मला आजही आवडते. पण त्याने काही झाले नाही. त्यांनी ते उद्धटपणाच्या खाती लिहून घेतले.

महालातल्याला त्यांनी वेगळ्या तऱ्हेने घेतले. त्याने सांगितले तेही हेच, माझ्याहून शुद्ध मराठीत. उपप्राचार्य त्याला म्हणाले, "तुझ्या वडिलांना मी ओळखतो. चांगलं घर आहे तुमचं. तू यात कसा ओढला गेलास?" तो म्हणाला, "मी ओढला गेलो नाही सर, मीच सुरुवात केली." ते ऐकून त्यांनी पेन खाली ठेवले आणि त्याला जायला सांगितले. त्याचे हे वाक्य कुठेही लिहिले गेले नाही. माझे प्रत्येक वाक्य लिहिले गेले होते.

खाप्याचा शेवटी गेला. दार अर्धे उघडे होते, त्यामुळे आम्ही बाहेरून ऐकले.

"साहेब, मी रोज खाप्याहून एस.टी.नं येतो. अर्धा रस्ता हुभ्यानं. बाईचा अपमान करायचा असता त मी घरीच झोपलो असतो ना. अपमानासाठी कोन इतक्या दूर येते?"

"मग टाळ्या काहून नाही वाजवल्या?" चष्मेवाल्यांनी त्याच्याच बोलीत विचारले. चिडवायला.

"टाळ्या त पुढारी आला की वाजवतो, साहेब."

आत कोणी तरी खोकले. आम्ही बाहेर तोंडावर हात धरून हसलो. ते त्या उन्हाळ्यातले आमचे शेवटचे हसणे.

समितीने मग तोडगा काढला. तिघांनी लिहून द्यायचे, की आमच्याकडून मॅडमचा अपमान झाला, आम्ही क्षमा मागतो. मॅडमनी खाली लिहायचे, क्षमा केली. प्रकरण मिटेल आणि वर्ग चालू राहील. नाही तर विद्यार्थ्यांची संख्या कमी आहे, पद्धत संथ आहे, वर्षभरात अभ्यासक्रम पुरा होत नाही, आणि आता हे बेशिस्तीचे. वर्गाचा विचार करावा लागेल. हे उपप्राचार्यांनी बाईंना सांगितले तेव्हा त्यांना ती आपली मोठीच उदारता वाटत असावी.

बाईंच्या घरी आम्ही बसलो. त्यांनी साखरेवाचूनची काळी कॉफी केली होती. ती फक्त त्यांनाच आवडे. खाप्याचा म्हणाला, "देऊन टाकू बाई. दोन ओळीचं काम हाय. आपल्याले माहीत हाय ना, खरं काय थे. कागदाले काय कळते?"

मीही तेच म्हणणार होते. मला ती पदवी हवी होती. आमच्या घरात, आमच्या गल्लीत कोणी एम.ए. नव्हते. पुण्याला जाऊन शिकणे मला शक्य नव्हते. बाबांची गिरणी कधी चालू, कधी बंद. वर्ग नागपुरातच चालला तर चालला.

बाईंनी कप खाली ठेवला.

"तुम्ही दिलंत तर मी सही करीन," त्या म्हणाल्या. "तुमचं वर्ष आहे, मी अडवणार नाही. पण मला एवढंच वाटतं. परत आल्यापासून मी इथे शिकवते. तिकडे ज्यांना ऐकायला जात असे, त्यांच्यासाठी मी कितीदा वाजवलं. माझ्यासाठी असं खोलीभर वाजलं ते एकदाच. तुम्ही माफी मागितलीत, तर ते तुम्ही परत घेतलंत असं होईल."

 मग खाप्याचा म्हणाला, "नाई देत मंग." आणि कॉफी एका घोटात संपवून त्याने असे तोंड केले, की बाईंना हसू आले.

माफी आम्ही दिली नाही. जुलैत कुलूप बदलले होते. ते मी वर लिहिलेच आहे.

या गोष्टीतली कोणती बाजू मला सर्वांत जास्त चीड आणते, याचा मी विचार केला आहे. त्यांना रीत माहीत नव्हती हा दोष नाही. नागपुरात ती कोणाला माहीत असणार? पण माहीत असलेले तीन विद्यार्थी आणि एक प्राध्यापिका समोर बसून सांगत होती. रसायनवाली मुले सांगायला तयार होती, त्यांना बोलावलेच नाही. ज्या बाईंचा अपमान झाला म्हणून समिती बसली, त्या बाई म्हणत होत्या की झाला नाही. तरी समितीने ठरवले की झाला. स्वतःचा अपमान झाला की नाही हे ठरवायचा अधिकारसुद्धा त्यांनी बाईंना दिला नाही. त्यांना बाईंची बाजू घ्यायची होती म्हणे. बाईंची बाजू बाईंना न विचारता घेता येते, असे ज्यांना वाटते त्यांच्या हातात आमचा वर्ग होता.

पुढे बी.ए.चे जर्मनही बंद केले आणि बाईंना सर्टिफिकेट कोर्स तेवढा शिकवायला ठेवला. निवृत्त होईपर्यंत त्या रसायनाच्या मुलांना परीक्षानळ्या, आम्ल आणि उत्कलनबिंदू यांचे जर्मन शिकवत राहिल्या. महालातला पुण्याला गेला, तिथून जर्मनीला. खाप्याचा पोस्टात लागला. मी इंग्रजीत एम.ए. केले आणि एका ज्युनियर कॉलेजात शिकवू लागले. इंग्रजी मला कधी घशातून काढावी लागली नाही, आणि ती तितकी माझीही झाली नाही.

निवृत्तीनंतर बाईंनी मनीषनगरात लहानसे घर घेतले. तेव्हा तिकडे घरांपेक्षा प्लॉटच्या खुणांचे दगड जास्त होते. रविवारी सकाळी मी रेल्वेचे फाटक ओलांडून सायकलने जात असे. फाटक बंद असले की उशीर होई. बाई म्हणत, "मालगाडीने धडा किती पुढे नेला?" आम्ही एक पान वाचत असू. मी वाचायचे, त्यांनी डोळे मिटून ऐकायचे. पान संपले की मी टेबलावर वाजवी. त्या म्हणत, "आज नाही. आज तूच वाचलंस." कधी महालातल्याचे पत्र आलेले असे, ते मला वाचायला देत. एकात त्याने लिहिले होते, की इथे रटाळ व्याख्यानालाही बाके वाजवतात, नुसता शिष्टाचार म्हणून. पुढे लिहिले होते, बाई इथे असत्या तर सगळ्या हॉलला "आज नाही" म्हणाल्या असत्या. ते वाचून बाई इतक्या हसल्या, की शेजारीण बघायला आली.

कुलपाविषयी आम्ही बोलत नसू. एकदाच, मी विचारले होते, "बाई, तेव्हा सही केली असती तर?" त्या म्हणाल्या, "तर तुला पदवी मिळाली असती." आणि थोड्या वेळाने, "तुझं मात्र नुकसान झालं गं." मी म्हटले, "नाही." त्या म्हणाल्या, "झालं. खोटं नको बोलूस."

शेवटच्या आजारात त्या पलंगावरून उठत नव्हत्या. बोलणे कमी झाले होते. एका रविवारी मी उंबरा झाडणाऱ्या बाईची ती कथा नेली आणि शेवटचे पान वाचले. घाई केली नाही. प्रत्येक वाक्य त्याच्या शेवटापर्यंत नेले. संपल्यावर मी पुस्तक मिटले. बाईंनी चादरीतून हात काढला, बोटे मुडपली आणि पलंगाच्या लाकडी कडेवर वाजवली. आवाज जेमतेम झाला. मी खाली बघितले. आमच्या वर्गात बाई तसेच करत.

त्यानंतर त्या फार दिवस राहिल्या नाहीत.

शोकसभा कॉलेजच्या हॉलमध्ये झाली. खाप्याचा पोस्टातून अर्ध्या दिवसाची सुटी काढून आला होता. केस विरळ झाले होते. माझ्या शेजारी बसला. अध्यक्ष म्हणून तेच उपप्राचार्य होते. मध्यंतरी ते प्राचार्य होऊन निवृत्त झाले होते. ते चांगले बोलतात, त्यांचा आवाज भरदार आहे. बाईंची विद्वत्ता, बाईंचा साधेपणा, बाईंचा तो कोट. लोक हसले. मग ते म्हणाले:

"मॅडमचा स्वभाव फार मऊ होता. मुलांना धाक असा नव्हताच. मला आठवतं, एकदा तर मुलांनी बाकं बडवून त्यांना भर वर्गात रडवलं होतं. मी शेजारीच होतो म्हणून बरं, धावत गेलो. पण या बाईंचं मन किती मोठं बघा. आम्ही इतकं सांगूनही त्यांनी त्या मुलांविरुद्ध एक अक्षर लिहून दिलं नाही. क्षमा करून टाकली."

हॉलमध्ये "वा" असा आवाज उमटला.

मी उभी राहिले. सभेत उभी राहण्याची मला सवय नाही. मी म्हटले, "ती बाकं आम्ही वाजवली होती. बाईंनी क्षमा केली नाही, कारण..."

सूत्रसंचालन करणारे तरुण प्राध्यापक लगबगीने माइककडे आले. "मॅडम, आपल्या भावना आम्ही समजू शकतो. आपण सगळेच भावनावश झालो आहोत. वेळेअभावी आता आपण दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून श्रद्धांजली वाहू या."

सगळे उभे राहिले. मी तर उभीच होते. वाक्य पुन्हा अर्धे राहिले. हॉल शांत झाला. खाप्याचा माझ्याकडे न बघता पुटपुटला, "ताई, वाजवू का वं?"

मी म्हटले, "वाजव."

आमच्या समोरच्या खुर्चीची पाठ लाकडी होती. त्याने बोटे मुडपली आणि ठोकले. मीही ठोकले. शांततेत तो आवाज होता त्याहून मोठा वाटला. पुढच्या रांगांतल्या माना वळल्या. कोणी तरी "शू:" केले. आम्ही थांबलो नाही. बाई असत्या तर आज नाही म्हणाल्या नसत्या, एवढे मला माहीत होते. व्यासपीठावर अध्यक्षांनी डोळे उघडले, आमच्याकडे निरखून पाहिले आणि शेजारच्या गृहस्थांकडे झुकून बोलले. माइक चालूच होता, म्हणून सगळ्यांनी ऐकले.

"बघितलंत? हेच ते."

बाहेर आल्यावर खाप्याचा पायरीवर बसला आणि त्याने रुमालाने तोंड पुसले. "इतक्या वर्षात एकानंही इचारलं नाही ना वं," तो म्हणाला, "का पोट्टेहो, तुम्ही थे काहून वाजवलं होतं?" मग त्याची बस होती, तो गेला.

त्या खोलीत आता परीक्षा विभागाचे गठ्ठे ठेवतात. मी जाळीच्या खिडकीतून आत पाहिले. बाके तीच आहेत, भिंतीशी एकावर एक रचलेली. जर्मनचा वर्ग तिथे पुन्हा भरला नाही. महालातला तिकडेच स्थायिक झाला. तिकडे त्या आवाजाचा अर्थ सगळ्यांना माहीत आहे. आमच्या वर्गातली, तो माहीत असलेली, इथे आता आम्ही दोनच माणसे उरलो आहोत.